हौद्यावरची अक्षरे कोणासाठी?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या दरम्यान कान्हे फाटा लागतो. तिथून उत्तरेला वळून रेल्वे ओलांडली की आंदर मावळ सुरू होतो. आधी टाकवे बुद्रुक, मग भोयरे, वडेश्वर, डाहुली आणि खोऱ्याच्या टोकाला कोकणावर झुकलेली खांडी आणि कुसूर ही गावे. टाकव्याच्या परिसरात कारखाने आहेत, मंगरूळ-आंबळ्याच्या बाजूला दगडखाणी आणि खडी क्रशर आहेत, आणि या सगळ्यांचा माल ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने शाळेची मुले, दुधाच्या किटल्या लावलेल्या दुचाक्या आणि भातलावणीला निघालेल्या बायका जातात. डंपर, हायवा, कंटेनर, टँकर, आयशर यांतली गाडी गावातली असेलच असे नाही. ती कोणाची, तिच्यात काय भरले आहे, तिने किती वजन वाहायचे ठरले आहे, आणि तिच्यामुळे कोणाचे नुकसान झाले तर दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नांची उत्तरे गाडीच्या अंगावरच लिहिलेली असावीत अशी आपल्या कायद्याची अपेक्षा आहे. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे, की ही अक्षरे मुळात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसासाठी आहेत. ती यंत्रांसाठी किंवा कार्यालयासाठी आहेत असे धरून आपण वागू लागलो, आणि तेव्हापासून ज्याला त्यांची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ती वाचता येईनाशी झाली.

कायदा काय सांगतो ते आधी नीट पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ८४मध्ये प्रत्येक परमिटला लागू होणाऱ्या अटी दिल्या आहेत. त्यांतली एक अशी : वाहतूकदाराचे नाव आणि पत्ता गाडीच्या दोन्ही बाजूंना, बाहेरून, गाडीच्या रंगावर उठून दिसेल अशा रंगात, खिडकीच्या रेषेखाली शक्य तितक्या उंचीवर, ठळक अक्षरांत रंगवलेला किंवा पक्का बसवलेला असला पाहिजे. ‘खिडकीची रेषा’ हे माप बसला शोभणारे आहे, डंपरला लावताना अडचण होते. पण अटीमागचा हेतू स्पष्ट आहे. बाजूने, उंचावर, उठून दिसणारे असे जेव्हा कायदा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पायी जाणारा माणूस असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९च्या नियम ५०मध्येही हाच विचार आहे. मालवाहू गाडीची नंबरपाटी पिवळी आणि अक्षरे काळी, हे सर्वांना माहीत असते. पण व्यावसायिक गाडीचा क्रमांक पुढे आणि मागे असून भागत नाही, तो हौद्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरही लिहावा लागतो, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. याशिवाय नॅशनल परमिटच्या गाडीवर ‘नॅशनल परमिट’ ही अक्षरे हवीत. गाडीचे रिकामे आणि भरलेले वजनही बाजूला लिहिलेले दिसते, आणि तो आकडा नुसता कागदोपत्री नाही. दहा चाकी ट्रकला भरल्यावर पूर्वी २५ टनांची मर्यादा होती, २०१८मध्ये ती २८.५ टन झाली. त्यापलीकडच्या मालासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. खोऱ्यातल्या ओढ्यावरच्या पुलावरून रोज काय जाते याची गावाला काळजी असेल, तर तक्रारीची सुरुवात त्या रंगवलेल्या आकड्यापासूनच होते.

आता ही अक्षरे वाचता किती येतात ते पाहू. नियम ५१ नुसार नंबरपाटीवरच्या अक्षरांची आणि अंकांची उंची ६५ मिलिमीटर आणि जाडी १० मिलिमीटर ठरलेली आहे. निरोगी नजरेचा माणूस एखादे अक्षर त्याच्या उंचीच्या सुमारे ६९० पट अंतरावरून जेमतेम ओळखू शकतो. नेत्रतपासणीचा तक्ता याच प्रमाणावर बेतलेला असतो. म्हणजे स्वच्छ पाटी, भरपूर उजेड, काळे-पिवळे ठसठशीत आणि पाहणारा स्थिर असेल, तर नंबरपाटी सुमारे ४५ मीटरपर्यंत वाचता येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने दूर जाणारी गाडी हे अंतर पावणेतीन सेकंदांत संपवते. तेवढ्या वेळात दहा अक्षरे-अंक वाचायचे आणि लक्षात ठेवायचे. हा हिशेब आदर्श स्थितीचा झाला. आंदर मावळात पावसाळ्याचे चार महिने डंपरच्या मागच्या चाकांनी उडवलेला चिखल नेमका पाटीवर बसतो आणि उन्हाळ्यात क्रशरची पांढरी भुकटी तिला झाकते. फाळक्याखाली, चाकांच्या उंचीवर लावलेला पत्रा स्वच्छ राहील अशी अपेक्षाच चुकीची आहे. याउलट फाळक्यावर २० सेंटिमीटर उंचीच्या अंकांत तोच क्रमांक रंगवला, तर त्याच नजरेला तो १३५ मीटरांहून अधिक अंतरावरून वाचता येतो, आणि गाडी दूर जाताना आठ सेकंद मिळतात. अनेक चांगले गाडीमालक आपणहून फाळक्यावर मोठा नंबर रंगवून घेतात. त्यांना हे गणित कोणी शिकवलेले नसते, पण रस्त्यावरच्या माणसाला उत्तर देण्याची त्यांची तयारी त्या अंकांत दिसते.

त्या काही सेकंदांवर काय अवलंबून असते हे नुकसानभरपाईच्या कायद्यात उघड दिसते. धडक देऊन गाडी पळून गेली आणि ती कोणती हे कळलेच नाही, तर २०२२पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. गाडीची ओळख पटली, तर कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्याचा हक्क आहे. शिवाय कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे धरून पूर्ण भरपाई मागता येते. ती रक्कम कितीतरी मोठी असू शकते. माणूस तोच, जखम तीच, रस्ता तोच. पण कुटुंबाच्या हाती काय पडेल हे कोणीतरी पाटी वाचली की नाही यावर ठरते. शहरात निदान दुकानांचे कॅमेरे असतात. वडेश्वरच्या पुढे संध्याकाळी सातनंतर साक्षीदार म्हणून असतो तो गुरे घेऊन परतणारा एखादा गुराखी. चिखलाने झाकलेली पाटी त्याला वाचता आली नाही, तर तो तोटा त्याच्या गावातल्या कुटुंबाच्या वाट्याला येतो. म्हणून मळलेली नंबरपाटी ही किरकोळ बाब समजणे मला अन्यायाचे वाटते.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की आता या रंगवलेल्या अक्षरांची गरजच उरलेली नाही. उच्च सुरक्षा नंबरपाटी आली आहे. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आहे, लेझरने कोरलेला क्रमांक आहे, ती एकदा उघडली तर पुन्हा बसत नाही. १ एप्रिल २०१९पासून बनलेल्या गाड्यांवर ती सुरुवातीपासूनच असते. फेब्रुवारी २०२१पासून चारचाकी आणि त्यापुढच्या सर्व गाड्यांना फास्टॅग सक्तीचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा गाड्यांचे नंबर टिपते आणि चलने पाठवते. हे सगळे उपयोगाचे आहे. चोरीची गाडी आणि बनावट पाटी ओळखायला त्यासारखे साधन नाही. पण ही साधने कुठे चालतात तेही पाहिले पाहिजे. फास्टॅग वाचणारे यंत्र टोलनाक्यावर असते, उर्से किंवा सोमाटण्याला. कान्हे फाट्यापासून खांडीपर्यंत एकही टोलनाका नाही. कॅमेरे द्रुतगती मार्गाच्या कमानींवर आहेत, टाकव्याच्या रस्त्यावर नाहीत. होलोग्राम आणि लेझरचा क्रमांक हातभर अंतरावरून तपासण्यासाठी असतो. यंत्राच्या दृष्टीने गाडीची ओळख पूर्वी कधी नव्हती इतकी पक्की झाली, पण ती ओळख ज्या दारांतून मिळते ती सगळी दारे महामार्गावर आहेत. खोऱ्यातल्या माणसाजवळ डोळ्यांखेरीज वाचक यंत्र नाही.

आणि त्या माणसाने पावणेतीन सेकंदांत नंबर टिपलाच, तर पुढे काय? वाहन नोंदणीच्या सरकारी ॲपवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, फिटनेसची आणि विम्याची मुदत दिसते. मालकाच्या नावातली अक्षरे मात्र झाकलेली येतात. व्यक्तीची माहिती सुरक्षित राहावी म्हणून हे केले आहे आणि खासगी गाड्यांच्या बाबतीत ते योग्यच आहे. यातूनच दुसरा, अधिक गंभीर आक्षेप पुढे येतो : मग ट्रकमालकाने आपले नाव-पत्ता हौद्यावर का मिरवावा? एक-दोन गाड्यांवर पोट असलेला माणूस असेल, तर तो पत्ता त्याच्या घराचाच असतो. अपघातानंतर जमाव घरावर गेला तर? ही भीती खोटी नाही. अपघातस्थळी चालकाला मारहाण होते, गाडी जाळली जाते, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. पण परमिट म्हणजे काय याचा विचार केला की फरक स्पष्ट होतो. सार्वजनिक रस्ता भाड्याच्या धंद्यासाठी वापरण्याची ती परवानगी आहे. दुकानाला पाटी लागते, औषधाच्या बाटलीवर उत्पादकाचा पत्ता लागतो, तसे रस्त्यावर धंदा करणाऱ्याने आपण कोण आहोत हे सांगणे त्या परवानगीचाच भाग आहे. खासगी मोटारीला कायदा नाव लिहायला सांगत नाही, ते याच कारणाने. घराच्या पत्त्याची अडचण खरी असेल, तर उपायही साधा आहे. व्यवसायाचे नाव, गाव आणि कोणीतरी खरोखर उचलेल असा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा आणि पूर्ण पत्ता परिवहन कार्यालयाच्या दप्तरी राहावा. त्यासाठी कलम ८४मध्ये बदल करावा लागेल. तोवर आहे ती अट पाळलीच पाहिजे. निनावी गाडीपुढे जमलेल्या लोकांना तिथल्या तिथे चालकावर राग काढण्यावाचून मार्ग दिसत नाही. मालक कोण हे समोर लिहिलेले असेल, तर तक्रार कुठे न्यायची हे कळते आणि निदान एक शहाणा माणूस इतरांना आवरू शकतो.

रात्रीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ज्याला सगळे रेडियम म्हणतात त्या परावर्तक पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत : पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. अंधारात समोर जे चमकते ती गाडीची कोणती बाजू आहे हे त्या रंगावरून कळते. वळणावर आडवा लागलेला ट्रेलर पिवळ्या पट्टीमुळे आडवा आहे हे समजते. सुटी लाल-पांढरी पट्टी आणून कुठेही चिकटवली, तर हा अर्थच नाहीसा होतो.

सर्वांत मोलाची अक्षरे धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर असतात. रसायनी-पाताळगंगा, तळोजा आणि उरणकडून कुरकुंभ, रांजणगाव, चाकणकडे जाणारे टँकर बोरघाट चढून मावळातूनच पुढे जातात. नियम १३४ अशा गाडीवर आपत्कालीन माहितीचा फलक सक्तीचा करतो. दोन्ही बाजूंना आणि मागे मालाचे अचूक तांत्रिक नाव, संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीनुसार वर्गाचा क्रमांक १०० मिलिमीटर उंच अंकांत, २५० मिलिमीटर चौरस वर्गचिन्ह, आणि आपत्कालीन सेवेचा व माल पाठवणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक. तिरक्या चौकोनाचा रंगही बोलतो. लाल म्हणजे ज्वलनशील, पिवळा म्हणजे जळायला मदत करणारा, पांढऱ्यावर कवटी म्हणजे विषारी, वर पांढरा आणि खाली काळा म्हणजे अंग आणि धातू जाळणारे आम्ल किंवा अल्कली. आपल्या टँकरवर दिसणारा हॅझकेम संकेत १९७०च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलाने घडवला. पहिल्या काही मिनिटांत पोहोचणाऱ्या जवानाला पुस्तक उघडायला वेळ नसतो, म्हणून त्याला लागतील तेवढ्याच गोष्टी त्यात घातल्या : पाणी मारायचे की फेस, सांडलेला द्रव वाहू द्यायचा की अडवायचा, आणि शेवटी ‘ई’ हे इंग्रजी अक्षर असेल तर आसपासची माणसे हलवायची. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत पदार्थालाही क्रमांक असतो : पेट्रोलचा १२०३, मिथेनॉलचा १२३०. हे दोन आकडे दिसायला जवळचे, पण पदार्थ अगदी वेगळे. पेट्रोल पाण्यावर तरंगत जाते आणि पाण्याबरोबर आगही पसरते. मिथेनॉल पाण्यात मिसळते, साधा फेस ते विरघळवून टाकते, आणि दिवसा त्याची ज्वाला जवळपास दिसतच नाही. आग दिसत नाही म्हणून पुढे जाणारा माणूस सरळ आगीत शिरतो. त्याला थांबवणारी गोष्ट फलकावरचा तो चार अंकी आकडा.

१३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गाच्या कुणे पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर अपघात होऊन पेटला. चार जणांचे प्राण गेले. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर कोसळले आणि खालून दुचाकीने जाणारेही त्यात सापडले. कोणी म्हणेल, त्या माणसांना फलक वाचायला वेळच कुठे होता? खरे आहे. खालून जाणाऱ्याला पुलावरच्या टँकरचा फलक कधीच दिसत नाही आणि कुठलाही फलक त्या क्षणी त्यांना वाचवू शकला नसता. फलकाचा उपयोग त्यानंतरच्या तासात होतो. शेजारच्या वाडीवरचे लोक किती दूर न्यायचे, ओढ्याचे पाणी जनावरांना पाजायचे की नाही, जखमीच्या अंगावर पाणी ओतायचे की आधी कपडे काढायचे, हे निर्णय तेव्हा घ्यायचे असतात. या भागात ते घेणारी पहिली माणसे बहुतेक वेळा स्थानिक असतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेचे स्वयंसेवक, जवळच्या गावातली तरुण मुले, मागून येणारे ट्रकचालक. त्यांच्याकडे फलकाखेरीज दुसरी माहिती नसते. चालकाजवळ सूचनापत्र असते, पण ते केबिनमध्ये असते आणि केबिनच जळत असते. म्हणूनच नियमाने ही माहिती टाकीच्या तीन बाजूंना लावायला सांगितली आहे.

मग गाडीवरची ही अक्षरे कोणत्या लिपीत असावीत? नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांतच हवा असे नियम ५० सांगतो, आणि देशभर फिरणाऱ्या गाडीसाठी ते बरोबर आहे. इंदूरच्या किंवा सेलमच्या पोलिसालाही तो वाचता आला पाहिजे. पण कलम ८४ नाव-पत्त्याच्या भाषेबद्दल काहीच म्हणत नाही. एमएच १४ पासिंगची, मावळाबाहेर क्वचितच जाणारी खडीची गाडी आपल्या मालकाचे नाव देवनागरीत का लिहीत नाही याला सवयीखेरीज कारण सापडत नाही. देवनागरीत मात्रा, उकार आणि जोडाक्षरे यांना जास्त जागा लागते, म्हणून अक्षर थोडे मोठे काढावे लागेल, एवढीच अडचण. टँकरवरही तांत्रिक नावाखाली ‘ज्वलनशील’, ‘विषारी’ एवढा एक शब्द मराठीत लिहायला नियमाची आडकाठी नाही.

खर्चाचा आक्षेप लहान गाडीमालक नेहमी मांडतात. हप्ते, डिझेल, टायर, विमा यांनी ते खरोखर पिचलेले असतात. पण याच मालकाच्या गाडीवर फुले, गरुड, देवदेवता, मुलांची नावे आणि शायरी किती प्रेमाने रंगवलेली असते! पेंटरचा हात तिथे आधीच पोहोचलेला आहे. त्या कलेला माझा विरोध नाही. तिने सक्तीच्या अक्षरांची जागा घेऊ नये एवढेच म्हणणे आहे. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी व्यावसायिक गाड्यांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली, कारण त्या शब्दांमुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते. गाडीच्या मागच्या अंगावर काय लिहिले आहे याचा रस्त्यावरच्या वागण्यावर परिणाम होतो हे शासनाने तेव्हा मान्य केले. मग काय लिहिलेले वाचता येत नाही, याचाही परिणाम होत असणार. हे दुसरे सूत्र आपण अजून धरलेले नाही.

अमेरिकेचा एक नियम इथे उपयोगी पडेल. तिथे आंतरराज्य मालवाहू गाडीच्या दोन्ही बाजूंना वाहतूक कंपनीचे कायदेशीर किंवा व्यापारी नाव आणि वाहतूक खात्याने दिलेला क्रमांक लागतो, आणि कसोटी अशी की गाडी उभी असताना दिवसाउजेडी ५० फुटांवरून, म्हणजे सुमारे १५ मीटरवरून, तो मजकूर वाचता आला पाहिजे. मोजपट्टी माणसाच्या डोळ्याची आहे. आपले नियम मिलिमीटर मोजतात, त्यामुळे चिखलाखाली गेलेली ६५ मिलिमीटर अक्षरांची पाटीही मापात बसते. फिटनेससाठी गाडी मोशीच्या परिवहन कार्यालयात जाते तेव्हा ती धुऊन-पुसून आणलेली असते, म्हणून तिथे केलेली तपासणी खोऱ्यातल्या रस्त्याबद्दल फार काही सांगत नाही. ही कसोटी गाडी काम करत असते तिथेच लावावी लागेल : खाणीच्या वजनकाट्यावर आणि कारखान्याच्या फाटकावर. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. धोकादायक मालाच्या बाबतीत तो सुरक्षितपणे पाठवण्याची जबाबदारी नियम १३१ने माल पाठवणाऱ्यावरही टाकली आहे. टाकव्याच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला भरलेली गाडी बाहेर सोडण्यापूर्वी १५ मीटर मागे जाऊन तिची मागची आणि दोन्ही बाजूंची अक्षरे मोठ्याने वाचायला सांगता येईल. वाचता आली नाहीत, तर पाण्याचा पाइप तिथेच असतो. खाणीला ना-हरकत दाखला देणाऱ्या ग्रामपंचायतीलाही हीच अट ठरावात घालून मागता येईल, आणि पावसाळ्यात ती पाळली जाते का हे त्याच रस्त्याने रोज जाणारे लोकच पाहतील.